मिलोंगासाठी गाणारे तांदे की वाजवणारे? प्रकल्प नोंदी

९ जून

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवते. पुण्यात आमची महिन्यातून एकदा मिलोंगा असते, म्हणजे टँगो नाचायची संध्याकाळ, क्लास नाही शो नाही, आलेल्या लोकांनी एकमेकांबरोबर नाचायचं एवढंच, सात ते दहा. म्युझिकचं काम आता माझ्या गळ्यात पडलंय. सोबत एक हार्ड डिस्क आली, त्यात रेकॉर्डिंग्ज भरपूर आहेत पण लावलेली बघितली तर डोकं फिरतं, एकच पीस पाच नावांनी, साल नाही, गायकाचं नाव नाही.

आणि लगेच दोन मेसेज. आयोजक ताईंचा: "पुढच्या वेळी गाणी कमी ठेव गं, नवीन मुलांना बीट सापडत नाही, कोणी गायला लागलं की गोंधळतात सगळे." आणि आमच्यात सगळ्यात जुने नाचणारे जे काका आहेत त्यांचा: "अगं नुसती वाद्यं किती वेळ वाजवणार, आवाजाशिवाय टँगो म्हणजे काय?" दोघंही बरीच वर्षं नाचतायत, दोघांनाही कळतं. म्हणून नुसती लायब्ररी साफ न करता हा प्रश्नही निकालात काढायचा असं ठरवलंय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: मिलोंगात पीस सुटे वाजवत नाहीत. तीन किंवा चारचा एक तांदा असतो, एकाच ऑर्केस्ट्राचा, साधारण एकाच काळातला, आणि दोन तांद्यांच्या मध्ये कोर्तिना, म्हणजे भलत्याच म्युझिकचा छोटा तुकडा, तेवढ्यात लोक जोडीदार बदलतात. क्रम ठरलेला आहे, दोन तांदे टँगो, मग एक वाल्स (टँगोतला वॉल्ट्झ), परत दोन टँगो, मग एक मिलोंगा (मिलोंगा हा तालाचा प्रकारही आहे, नाव तेच). जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच मावायचं, त्यामुळे चार टँगो अधिक कोर्तिना म्हणजे बारा मिनिटं धरते, वाल्स आणि मिलोंगा तीन-तीनचे म्हणून नऊ. एक पूर्ण फेरी ६६ मिनिटांची झाली. तीन तासांत पावणेतीन फेऱ्या, म्हणजे अख्ख्या संध्याकाळी टँगोचे तांदे मिळतात जेमतेम अकरा. त्यात दारिएन्सो, दी सार्ली, त्रॉइलो, पुग्लिएसे, कालो, तांतुरी या सगळ्या जुन्या ऑर्केस्ट्रांना बसवायचं.

१२ जून

टॅगिंग सुरू. पहिला कॉलम साधा ठेवला, "गायन" आणि "वादन". दोन संध्याकाळी बसून बऱ्यापैकी उरकलं आणि मग वादनाची यादी सलग ऐकायला घेतली.

काहीतरी फारच विचित्र आहे हे. एकाच यादीत दारिएन्सोचं १९३५ चं "ओतेल व्हिक्तोरिया" आणि पुग्लिएसेचं १९५९ चं "गाशो सिएगो". दोन्हीत कोणी गात नाही हे खरं, पण पहिल्यावर काल क्लास लावलेला माणूससुद्धा चालेल, टक टक टक टक, पाय आपोआप पडतो, आणि दुसऱ्यावर दहा वर्षं नाचलेलेही घाम गाळतात, कारण ऑर्केस्ट्रा मध्येच सगळं सोडून देतो, ताणतो, परत अंगावर येतो. ताईंचं "वादन म्हणजे सोपं" हे दारिएन्सोपुरतं बरोबर आहे. गायनाच्या यादीचंही तेच: कानारोच्या ऑर्केस्ट्राबरोबर रोबेर्तो माइदाचं १९३५ चं "पोएमा" आणि त्रॉइलोबरोबर एदमुंदो रिव्हेरोचं १९४८ चं "सूर" शेजारी शेजारी. एकात गायक मिनिटभराने येऊन आपलं काम करून जातो, दुसरं खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकायचं गाणं आहे.

१५ जून

आज जरा इतिहासात शिरले, कारण साल लावल्याशिवाय काही कळणार नाही असं दिसतंय.

१९२०-३० च्या दशकातल्या नाचाच्या ऑर्केस्ट्रात गायकाला मान कमीच. तो एस्त्रिबिशिस्ता, म्हणजे फक्त धृपद गाणारा. ऑर्केस्ट्रा वाजवत असायचा, मध्ये हा उभा राहून तेवढ्या ओळी म्हणायचा आणि परत गप्प. त्याच वेळी दुसरीकडे गायक कार्लोस गार्देलचं टँगो कान्सिओन, म्हणजे गाणं म्हणून गायचा टँगो होता, १९१७ च्या "मी नोचे त्रिस्ते"पासून सुरू झालेला, तिथे मात्र गायक हाच सगळं काही आणि सोबतीला गिटार. ते ऐकायचं म्युझिक. मिलोंगात गार्देलवर नाचत नाहीत हा ब्वेनोस आयरेसचा (अर्जेंटिनाची राजधानी, टँगोचं घर) जुना संकेत आहे, लोक त्याला आदर वगैरे म्हणतात, मला वाटतं त्यामागे साधं कारणही आहे, गार्देल तालासाठी थांबत नाही.

मग १९३५ च्या शेवटी दारिएन्सोकडे पियानोवर रोदोल्फो बियाजी आला आणि पुढची अडीच-तीन वर्षं त्यांनी जे रेकॉर्ड केलं ते बहुतेक नुसतं वादन, धारदार, तुटक, मधल्या जागेत पियानोची टिंगलटवाळी. त्यावर लोक परत नाचायला लागले असं सगळेच लिहितात. आणि त्यानंतर लगेच, १९४० च्या आसपास, गायक परत येतो, पण आता पूर्ण कडवं आणि धृपद घेऊन. दी सार्लीकडे रोबेर्तो रुफिनो (१९३९ च्या डिसेंबरात "कोरासोन" गायला तेव्हा पोरगा १७ वर्षांचा होता, ऐकून खरं वाटत नाही), त्रॉइलोकडे फियोरेन्तिनो, तांतुरीकडे आल्बेर्तो कास्तिशो, जो डॉक्टर होता, गायनॅकॉलॉजिस्ट. दागोस्तिनो आणि त्याचा गायक वार्गास, दोघांचंही पहिलं नाव आन्हेल, त्यामुळे "दोन देवदूत". कालोकडे राउल बेरोन, याचं गाणं म्हणे रेडिओवाल्यांना आवडलं नव्हतं, काढून टाक म्हणाले होते, आणि तेवढ्यात १९४२ ची "अल कोम्पास देल कोरासोन"ची तबकडी बाजारात आली आणि तुफान चालली.

ही जी १९४० ते ४५ मधली गाणी आहेत ना, त्यात गायक स्टार आहे पण ऑर्केस्ट्राच्या आत बसलेला आहे. १९४५ नंतर हळूहळू उलटं होतं, ऑर्केस्ट्रा गायकाच्या मागे जाऊन उभा राहतो.

२० जून

सरावाच्या दिवशी एक प्रयोग केला, कोणाला न सांगता. त्रॉइलोने १९४१ च्या मार्चमध्ये "काचिरूलो" आणि "तोदा मी विदा" रेकॉर्ड केले, पहिलं नुसतं वादन, दुसरं फियोरेन्तिनो गातोय. तोच ऑर्केस्ट्रा, तोच महिना, वेगही दोन्हींचा चांगला तरतरीत. पाठोपाठ लावले आणि मी नाचायला न जाता खुर्चीत बसून नुसते पाय बघितले.

"काचिरूलो"वर नवीन मुलं एका सरळ लयीत चालली, चांगली चालली, पण सगळी सारखीच चालली, जुनीही आणि नवीही. "तोदा मी विदा"चं पहिलं मिनिट तसंच गेलं आणि मग आवाज आला. इथे गंमत बघायला मिळाली. नवीन मुलांपैकी दोघं-तिघं खरंच अडखळली, ताई म्हणतात तसं, पण बीट हरवल्यामुळे नाही. ती बीट सोडून आवाजाच्या मागे जायला बघत होती आणि पायांना ते अजून येत नव्हतं. उरलेल्यांचं पाऊल लांब झालं, वळणं कमी झाली, मिठी जराशी घट्ट झाली. आवाज थांबून परत बांदोनेऑन (टँगोतलं अकॉर्डियनसारखं वाद्य) आले तशी सगळी परत तालावर.

मग तिसरा लावला, त्रॉइलोचाच पण पन्नाशीच्या दशकातला, गायक दुसरा. इथे मात्र फ्लोअरच विस्कटला, जुन्यांचासुद्धा. गायक ओळ ओढतो, ऑर्केस्ट्रा त्याच्यासाठी थांबून राहतो, आणि पाय हवेत.

फियोरेन्तिनो स्वतः बांदोनेऑन वाजवायचा आधी. मला वाटतं त्याच्या गाण्यात ते ऐकू येतं, शब्द वाद्यासारखे टाकतो, तालाच्या अलीकडे पलीकडे खेळतो पण घर सोडत नाही. दारिएन्सोचं म्हणणंच होतं की गायक हे ऑर्केस्ट्रातलं आणखी एक वाद्य असायला पाहिजे, त्यापेक्षा जास्त नाही. कडक माणूस. पण नाचणाऱ्याच्या बाजूने बोलणारा.

२२ जून

काकांना फोन केला, परवाचं सांगितलं. त्यांचं म्हणणं वेगळंच निघालं. "अगं वादन मला आवडत नाही असं नाहीये, सलग तीन तांदे वादनाचे आले की मी काय करू हा प्रश्न आहे, सगळंच चालणं होऊन जातं, गोष्ट कुठे आहे?" मी म्हटलं काका तुम्हाला स्पॅनिश येतं का. म्हणाले, "नाही, पण कोणीतरी काहीतरी सांगतंय एवढं कळतं की."

हे मात्र लिहून ठेवण्यासारखं.

२८ जून

शब्दांवरून अडकले. आमच्याकडे स्पॅनिश समजणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. दी सार्ली-रुफिनोचं १९४१ चं "चार्लेमोस" हे सगळ्यांचं लाडकं, मऊ, गोड, नवीन मुलंसुद्धा त्यावर छान चालतात. गाण्यात काय आहे तर एक माणूस बेलग्रानो ६०११ ला फोन लावतो, रेनेला बोलवा म्हणतो, समोरून एक बाई सांगते की अशी कोणी इथे राहत नाही, मग हा म्हणतो ठेवू नका फोन, बोलूया जरा. बोलता बोलता गोडी लागते, ती भेटूया म्हणते, आणि तिथे कळतं की तो आंधळा आहे. आता हे माहीत असताना कोणाला हसत हसत नाचताना बघितलं की मला कसंतरी होतं, पण त्यांचं काही चुकतंय का? नाही.

तिथल्या माणसाचं उलटं असणार. आपल्याकडे वरातीत बँडवाला ट्रंपेटवर सिनेमाचं गाणं वाजवतो, शब्द एकही नसतो, तरी नाचणारा प्रत्येक जण मनात शब्द म्हणतच असतो. ब्वेनोस आयरेसमध्ये वाढलेल्या माणसाला कित्येक टँगो असे पाठ असतात, त्याच्यासाठी गायक नसलेलाही पीस थोडा गायलेलाच असतो. आम्हाला गायलेलंही वाद्यच. म्हणजे पुण्यात दारिएन्सोची अट आपोआप पूर्ण होते!

आणि शब्दही काही दगडावर कोरलेले नव्हते. १९४३ नंतर तिथल्या लष्करी सरकारने रेडिओवर लुन्फार्दोला, म्हणजे तिथल्या गल्लीबोळातल्या बोलीला, मनाई केली आणि बऱ्याच टँगोंचे शब्द बदलून सोवळे करून गायले गेले. नाचात त्याने काही फरक पडला असेल असं वाटत नाही.

तर मुद्दा शब्द समजण्याचा नाहीये. आवाज तालाशी कसा वागतो एवढाच आहे.

३ जुलै

हॉलवर साउंड चेक. पाऊस धो धो, वर पत्रा, त्यामुळे निम्मं काही ऐकूच आलं नाही, पण ते बरंच झालं, जुलैत मिलोंगाच्या दिवशीही हेच असणार आहे.

फरशी, काचा, पडदे नाहीत, आवाज घुमतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये सगळ्यात आधी मरतो तो खालचा ताल, कॉन्ट्राबास आणि पियानोचा डावा हात, आणि नाचणारा नेमका त्याच्यावर चालत असतो. माणसाचा आवाज मधल्या पट्टीत असतो, स्वस्त स्पीकरची ताकदही तिथेच, म्हणून गायक सुरू झाला की तोच भिंतींवरून चारी बाजूंनी येतो आणि मागचा ऑर्केस्ट्रा गायब. नवीन मुलांना गाण्यात बीट सापडत नाही त्यातलं बरंचसं हे आहे!! टँगोचा दोष नाही, हॉलचा आहे. मधली पट्टी थोडी उतरवली, स्पीकर कोपऱ्यातून काढून पुढे आणले, आवाज एकूणच कमी केला, तर तोच बेरोन एकदम स्वच्छ आणि खाली कालोचा पियानो ऐकू यायला लागला. दारिएन्सो काय, तो तुटक वाजतो म्हणून कुठेही चालतो, बसस्टँडवर लावला तरी. दी सार्लीचे १९५१ ते ५३ चे टीके लेबलचे पीस मात्र या हॉलमध्ये लावणार नाही, रेकॉर्डिंगच खराब आहे, तेच पीस त्याने १९५४ नंतर परत केलेत ते घ्यायचे.

८ जुलै

फर्माइशी यायला लागल्या. "लिबेरतांगो" लाव ना. नाही. १९७४ चा पीस आहे, संगीतकार पियाझोलाने तोपर्यंत नाचणाऱ्यांसाठी लिहिणं कधीच सोडलं होतं. आणि बघा, हाही वादनच. "वादन जास्त" म्हटलं की लोकांच्या डोक्यात हाच येतो. एकाने गार्देल मागितला. त्यालाही नाही म्हटलं, कोर्तिनात लावीन म्हटलं, मग वाटलं कोर्तिनात गार्देल हे त्याहून वाईट.

१४ जुलै

जुना कॉलम उडवला. नवीन कॉलमचं नाव "कोण चालवतंय".

ताल चालवतोय: बियाजीच्या वेळचा दारिएन्सो, बियाजीचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा, १९४१ च्या त्रॉइलोचे वादनाचे पीस, आणि हो, कानारो-माइदासुद्धा, कारण तिथे गायक पाहुणा आहे. गायक तालावर बसलाय: फियोरेन्तिनो, वार्गास, कास्तिशो, बेरोन, रुफिनो, माझा सगळ्यात मोठा कप्पा हाच झालाय. सूर चालवतोय पण जमीन पक्की: दी सार्लीचं पन्नाशीच्या दशकातलं वादन, "बाइया ब्लांका" वगैरे, व्हायोलिनच गातात तिथे, गायकाची कमी जाणवत नाही. ऑर्केस्ट्रा श्वास घेतोय: पुग्लिएसे, मग गायक असो नसो. आणि शेवटचा, गायक चालवतोय, त्यात रिव्हेरो वगैरे मंडळी, तो फोल्डर घरी ऐकायला.

असं लावल्यावर एक जुना नियमही सैल झाला. तांद्यात गायन आणि वादन मिसळायचं नाही असं कडक लोक सांगतात आणि कारण बरोबरच आहे, काबेसेओ करताना, म्हणजे लांबून नजरेने विचारताना, पहिल्या पीसवरून माणूस ठरवतो की यावर कोणाबरोबर नाचायचं, पुढे भलतंच लागलं तर फसवणूक होते. पण पेद्रो लाउरेन्सचं काय करायचं? त्याची रेकॉर्डिंग्ज मुळात थोडी. १९३७ चं "आर्राबाल" वादन, आणि १९४० ची हुआन कार्लोस कासासने गायलेली "आमुरादो", "नो मे एक्स्त्राञा". माझ्या कानाला तिन्हीत तोच धक्का, तोच बांदोनेऑनचा रेटा, कासास त्याच्यावर स्वार होतो पण लगाम लाउरेन्सकडे. मिसळते. ज्यांना राग येईल त्यांनी येऊन बोलावं.

दागोस्तिनोचं १९५५ चं "काफे दोमिंगेस" कुठल्याच जुन्या कप्प्यात बसत नव्हतं. सुरुवातीला हुलियान सेन्तेया नुसता बोलतो, कविता म्हटल्यासारखा, आणि मग पुढे सगळं वादन. बोलणं ऐकून आमच्याकडे अर्धे लोक जागेवर उभेच राहतात, जोडीदाराशी गप्पा मारत, आणि मग बांदोनेऑन आले की एकदम निघतात. आता सरळ "ताल"मध्ये टाकला.

२१ जुलै

यादी पक्की.

सुरुवात कानारो-माइदाने, "पोएमा", "इन्व्हिएर्नो". यातल्या प्रत्येकात कोणीतरी गातं हे ताईंना मुद्दाम सांगत नाहीये. मग दारिएन्सो १९३७. वाल्स दे आन्हेलिसचे, कार्लोस दान्ते आणि हुलिओ मार्तेल दोघं मिळून गातात ते, वाल्सला एक दोन तीन इतकं गोल फिरतं की कोणी काहीही गायलं तरी पाऊल चुकत नाही. त्रॉइलो-फियोरेन्तिनो, दी सार्ली-रुफिनो. पहिला मिलोंगा तांदा दारिएन्सोचा वादनाचा, "ला पुन्यालादा" वगैरे, इथे गायक नकोच, श्वास घ्यायला वेळ नसतो.

दुसऱ्या फेरीत गर्दी सगळ्यात जास्त असते तेव्हा तांतुरी-कास्तिशो. कास्तिशो म्हणजे दंगा, तो गातच नाही, दारात उभं राहून बोलावतो. त्याच्यानंतर लोकांना निवायला वेळ द्यावा म्हणून कालो-बेरोन. तांतुरीच्या शेवटच्या सुराची एक खोड आहे, सगळं थांबल्यावर जरा उशिराने हळूच येतो, नवीन मुलं आधीच थांबून मोकळी झालेली असतात, जुने त्या एका सुरासाठी पाय राखून ठेवतात.

तिसऱ्यात लाउरेन्स, मग पन्नाशीतला दी सार्ली, आणि साडेनऊच्या सुमाराला पुग्लिएसे, "ला शुम्बा"सकट, तेव्हा नवीन मुलं घरी गेलेली असतात किंवा बसून बघतात. शेवटी कायमचं "ला कुम्पार्सिता". मातोस रोद्रिगेसने मोन्तेविदेओत रचलं तेव्हा शब्द नव्हते, १९२४ मध्ये कोन्तुर्सी आणि मारोनीने घातले. मी दारिएन्सोचं १९३७ चं, बिनशब्दांचं लावणार.

२७ जुलै

झालं. पाऊस होता, लोक तरी आले.

कास्तिशोवर फ्लोअर खचाखच, रोंदा (सगळ्यांची घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारी रांग) जवळजवळ थांबलीच, दोन ठिकाणी कोपरं लागली. लाउरेन्सचा मिसळलेला तांदा कोणाच्या लक्षातही आला नाही, राग तर सोडाच. "चार्लेमोस"वर एका मुलीने येऊन विचारलं हा काय म्हणतोय, सांगितलं, तिने लगेच जोडीदाराला सांगितलं, आणि पुढचा पीस दोघांनी बसून काढला. हे असं होईल असं वाटलं नव्हतं.

पुग्लिएसेला पाचसहा जोड्याच उरल्या पण ज्या नाचल्या त्या बघत राहाव्या अशा.

ताई निघताना म्हणाल्या, "आज गाणी कमी ठेवलीस, बरं झालं, मुलं छान नाचली." लायब्ररीत मोजलं तर गाणारे तांदे वादनापेक्षा जास्तच होते. काका म्हणाले दी सार्लीचं वादन जरा लवकर लाव पुढच्या वेळी, तेवढं ऐकायला मी थांबतो आणि मग रिक्षा मिळत नाही.

बाकी काम: वाल्सच्या फोल्डरला अजून हात लावलेला नाही, तिथे सालं सगळी चुकीची आहेत. तांतुरीकडे कास्तिशोनंतर आलेल्या एन्रिके काम्पोसची गाणी दोन वेगवेगळ्या स्पीडमध्ये आहेत, कुठली पट्टी खरी ते बघायचं. आणि हॉलवाल्यांकडे पडद्यांचं विचारायचं.